रिक्षातला आवाज आणि अण्णांचा माइक

पत्र

ताई, मी सांगलीत खणभागात राहते. वय 28. एका पतसंस्थेत काउंटरला आहे. आमचे अण्णा कुस्ती मैदानाचे निवेदक. जत्रांच्या हंगामात चार-चार दिवस घरी नसतात. त्यांच्या आवाजाची नक्कल करतच मी मोठी झाले. दोन वर्षांपासून जाहिरातीच्या रिक्षांसाठी आवाज देते. साड्यांचा सेल, डोळे तपासणी शिबिर, क्लासची ॲडमिशन. बालाजी चौकात मी भाजी घेत असते आणि माझाच आवाज माझ्या शेजारून जातो, कुणाला पत्ता नसतो.

मध्यंतरी मैत्रिणीने ‘इन अ वर्ल्ड...’ हा इंग्रजी सिनेमा बघायला सांगितला. आवाजाच्या दुनियेतल्या बापाची मुलगी तेच काम करायला निघते, तो. हसून पोट दुखलं आणि शेवटी रडूच आलं. ती तर मीच, ताई. दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं, मला आवाजाचं काम करायचंय, मुंबईला जाते. ते म्हणाले, “बाईचा आवाज साडीच्या सेललाच बरा. मैदानाला छाती लागते.” त्याच आठवड्यात गुडघ्यामुळे त्यांना न जमणारी एक सुपारी त्यांनी पलूसकडच्या एका पोराला दिली. त्या पोराला पैलवानांची सगळी माहिती टाइप करून मीच देते.

मुंबईत डबिंगचं काम बघणाऱ्या एका बाईंना फोन केला. बोलता बोलता “मी पाठवतो मॅडम” म्हणून गेले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हा हेल काही जाणार नाही. नोकरी सोडू का? आणि खरं सांगा, माझा आवाज चांगला आहे का? क्लिप पाठवलीय.

— रिक्षातला आवाज

उत्तर

अगं रिक्षातल्या आवाजा,

क्लिप तीनदा ऐकली. पहिल्यांदा मोबाइलवर, मग हेडफोन लावून, आणि तिसऱ्यांदा फक्त शेवटचे चार सेकंद. त्या चार सेकंदांकडे येते, आधी बाकीचं बोलू.

सुरुवातीचं पाऊण मिनिट तू अण्णा झालीयस. “मंडळी, लक्ष द्याऽऽ” म्हणताना गळा दाबून आवाज खाली ओढलायस आणि वाक्याच्या शेवटी अण्णांसारखीच उडी मारलीयस. नक्कल झकास आहे. पण नक्कल आहे. असा आवाज रोज तासभर काढलास तर घसा बसेल, आणि वारंवार बसायला लागला तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. शाळामास्तरांना आणि गायकांना होतं तेच दुखणं. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर मिरजेला जाऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. मिरजेत डॉक्टरांना काय तोटा?

त्यानंतर साडीचा सेल. त्यात तू दुसरीच कुणीतरी. नाकातून, लाडात, प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर नेऊन सोडलेलं. हा आवाज तुझा नाही नि तुझ्या आईचाही नाही. तो टीव्हीतल्या जाहिरातींतून आपल्या सगळ्यांच्या घशात येऊन बसलाय.

आणि शेवटी तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस. मागून पाण्याच्या मोटरचा आवाज येतोय आणि तू ओरडतेस, “आई, मोटर बंद कर की गं, किती येळ झाला!” बाई गं, त्या ‘की’मध्ये चीड आहे, माया आहे आणि आईवर ओरडलो याची थोडी लाजही आहे. ते मी तिसऱ्यांदा ऐकलं. तुझा आवाज चांगला आहे का, याचं उत्तर तिथे मिळालं. बरा आहे, मधल्या पट्टीतला, किंचित खरखरीचा. पण या धंद्यात चांगल्या आवाजाची माणसं ढिगाने पडलीयत. लिहिलेलं वाक्य आत्ताच सुचल्यासारखं म्हणणारी कमी. तू न लिहिलेलं वाक्य तसं म्हणतेस. लिहिलेलं अजून म्हणत नाहीस. काम तेवढंच आहे, पण ते दोन-तीन वर्षांचं आहे.

आता सिनेमा. तुझं पत्र आल्यावर मी परत बघितला. 2013 चा. लेक बेलनेच लिहिला, तिनेच दिग्दर्शन केलं आणि नायिकाही तीच. सनडान्स महोत्सवात त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. त्यातल्या विनोदाच्या मुळाशी एक खरा माणूस आहे. डॉन लाफाँटेन. अमेरिकेत सिनेमाच्या ट्रेलरला जो घनगंभीर ‘इन अ वर्ल्ड...’ असा आवाज यायचा, तो त्याचा. पाच हजारांहून जास्त ट्रेलर केले त्याने. 2008 मध्ये तो गेला आणि ती गादी रिकामी झाली. सिनेमा विचारतो, आता तिथे बसणार कोण? बापाला वाटतं आपण, नाहीतर आपण पुढे केलेला तरुण पोरगा. मुलगी त्याच घरात आहे हे त्याला दिसतच नाही. तुझं पलूसचं प्रकरण शब्दशः तेच आहे, त्यामुळे तुला रडू आलं यात नवल नाही.

पण तू एक प्रसंग नीट बघितला नसशील असं मला वाटतं. तिला ते मोठं काम मिळतं, बायकांच्या लढाईच्या सिनेमाचा ट्रेलर. नंतर निर्माती तिला तोंडावर सांगते की तू सगळ्यांत भारी होतीस म्हणून तुला घेतलं नाही, या ट्रेलरवर बाईचा आवाज हवा होता म्हणून घेतलं. विनोदी सिनेमात इतकं कडू सत्य मला आवडलं. तुझ्याही वाट्याला पहिलं काम असंच येईल. गुणासाठी नाही, गरजेसाठी. ते घे. मानापमानाचा विचार दुसऱ्या कामाच्या वेळी कर.

आणि अशी गरज तुझ्या दारात उभी आहे. 2023 च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती आपल्या सांगलीत झाली. गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने नेली. आता गावोगावच्या तालमींत मुली दिसतात, जत्रेच्या मैदानात त्यांच्या जोड्या लागतात. त्या मुलींच्या कुस्तीला माइकवर बाई का नको? अण्णांच्या मैदानावर हक्क सांगायला जाऊ नकोस, तिथे ते तुला उभं करणार नाहीत. मुलींच्या मैदानांच्या संयोजकांकडे जा. पैलवानांच्या घराण्यांची, वस्तादांची माहिती तूच टाइप करतेस म्हणजे अर्धं निवेदन तुझ्याकडे लिहून तयार आहे. ढाक, घिस्सा, एकेरी पट, लपेट हे डाव तुला समजावून सांगावे लागत नाहीत. मुंबईत बसलेल्या कुठल्या डबिंग आर्टिस्टला हे येतं?

अण्णांच्या ‘छाती लागते’वर एक सांगते. आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीताही पुरुषच झाला होता. पुढे बालगंधर्वांनी तर बायकांनी साडी कशी नेसावी हे ठरवलं. म्हणजे पुरुषाने बाईचा आवाज काढला तर पदकं, आणि बाईने मैदानात स्वतःच्या आवाजात बोललं तर छाती कमी पडते. हे अण्णांना ऐकवू नकोस. मला बोलायचं होतं, बोलून घेतलं.

आता त्या ‘मी पाठवतो’चं. मुंबईच्या बाई हसल्या, तुला लाज वाटली. मलाही आकाशवाणीच्या एका केंद्रावर स्वर चाचणीत “आवाज घरगुती आहे” असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याच घरगुती आवाजाला शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी बोलावलं. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘करतो की’ म्हणतात. पुणे-मुंबईच्या कानाला ती चूक वाटते. ती चूक नाही, इथली रीत आहे. मात्र ती तुझ्या ताब्यात हवी. पाहिजे तेव्हा ‘पाठवतो’, पाहिजे तेव्हा ‘पाठवते’. आज ते आपोआप होतं, त्या बाईंचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा आहे. ‘हेल जाणार नाही’ हा मात्र खोटा.

मिरजेला सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन बस. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती गल्ली. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, जवारी काढतात ती बघ. घोडीचा माथा कानसीने घासून असा उतार देतात की तार त्याला टेकत-सुटत वाजते आणि तो झणझणीत, भरलेला नाद येतो. घासलं कमी तर खरखर, जास्त तर तार मुकी. तुझा हेल ही तुझी जवारी आहे. पूर्ण घासून टाकलास तर बातम्या वाचता येतील, पण सातारा-सांगलीकडच्या बाईचं पात्र आलं की स्टुडिओ दुसरीला शोधेल. आणि हल्ली ते पात्र येतं. दक्षिणेतले सिनेमे मराठीत डब होतात, मालिकांत गावाकडची माणसं असतात. 2017 मध्ये स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचं ॲप भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकांनाही एक वाट झालीय.

प्रमाण भाषेसाठी रोज वीस मिनिटं मोठ्याने वाच. कुठलंही वर्तमानपत्र घे, अग्रलेख नको, तो कुणालाच जिवंत वाचता येत नाही. बाजारभाव वाच. हळद, गूळ, बेदाणा. ‘ण’ आणि ‘न’ वेगळे काढ, ‘ळ’ जीभ मागे वळवून म्हण. चारचा ‘च’ आणि चाऱ्याचा ‘च’ वेगळे आहेत, हे मराठी माणसाला कुणी शिकवत नाही, पण माइकसमोर लगेच कळतं. ‘जग’ दोन तऱ्हेने म्हणून बघ. एक दुनिया, दुसरं जगायला सांगणारं. तुझ्या त्या सिनेमाचं नाव मराठीत आणायचं तर पहिलं भांडण याच अक्षरावर होईल.

सिनेमातली मुलगी एक गोष्ट करते ती मात्र तशीच उचल. ती भेटेल त्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवते. तू काउंटरला बसतेस! तासगावचा द्राक्षवाला, जतकडची कानडी हेलात मराठी बोलणारी म्हातारी, आटपाडीचा मेंढपाळ, कर्ज थकवून गोड बोलणारा विश्रामबागचा शिक्षक. चोरून रेकॉर्डिंग नको, पतसंस्थेत तर अजिबात नको, नोकरी जाईल. कानात साठव, घरी येऊन त्यांच्यासारखं बोल आणि ते स्वतःचं रेकॉर्ड कर. मुंबईतल्या एसी क्लासमध्ये हे कुणी आणून देणार नाही.

(त्या सिनेमाचं एक मला पटलं नाही. शेवटाकडे नायिका इतर मुलींचे लाडिक आवाज ‘दुरुस्त’ करायला बसते. बापाने हिचा आवाज नाकारला, हिने त्यांचा. हसायला येतं, पण मनात खुपतं. साडीच्या सेलचा आवाज तू सोड ते तुला तो नको असेल म्हणून. माझ्यासारखीने नाक मुरडलं म्हणून नाही.)

नोकरी सोडू नकोस. सहा महिने तरी नाही. नवीन माणसाला डबिंगमध्ये आधी गर्दीचे आवाज मिळतात. बाजारातला कालवा, लग्नातला गोंधळ, मागून येणारं ‘अरे पकडा त्याला’. मग दोन-चार वाक्यांची पात्रं. पैसे उशिरा येतात, अंधेरीचं भाडं मात्र एक तारखेला द्यावं लागतं. त्यापेक्षा घरी साधा यूएसबी माइक घे, चार-पाच हजारांपासून बरे मिळतात, आणि कपाट उघड. कपड्यांनी भरलेलं लाकडी कपाट हा गरिबाचा स्टुडिओ. पाठीमागे आजीची जाड गोधडी टांग. आवाज भिंतीवर आपटून परत आला नाही म्हणजे झालं. माइक तोंडासमोर नको, थोडा तिरका, वीतभर लांब. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’चा वारा माइकवर फटकन आदळतो, आणि मराठीत ‘भ’पासून सुटका नाही. संपादनासाठी ऑडॅसिटी फुकट आहे. प्रत्येक वेळी सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड कर, ती नंतर जोडकामाला लागते. माइकसमोर बसण्याआधी दुधाचा चहा नको, तोंड चिकट होतं. भडंग तर नकोच, दातातला दाणा नेमका तिसऱ्या परिच्छेदात निघतो. हिरवं सफरचंद खा, पाणी पी.

पंखा बंद. एप्रिलमध्ये, सांगलीत. म्हणून पहाटे चारला बस. साडेपाचला भोंगे, आरत्या, सहाला दूधवाला, साडेसहाला तुझ्या आईची मोटर. तुझ्याकडे तास-दीड तास आहे. ऑडिओबुकाचा एक तास तयार व्हायला नवख्याला चार-पाच तास लागतात, कधी जास्तच. तेव्हा आधी दहा मिनिटांची कथा पूर्ण कर. पूर्ण म्हणजे चुका काढून, श्वास आवरून, ऐकणाऱ्याला पाठवण्याइतकी.

आकाशवाणी सांगली केंद्राकडेही चौकशी कर. नैमित्तिक उद्घोषक आणि नाट्य कलाकार दोन्हीच्या स्वर चाचण्या आकाशवाणी घेते. पैसा फार नाही, पण लाल दिवा लागला की थांबता येत नाही, ही शिस्त तिथे अंगात भिनते.

सहा महिन्यांनी तुझ्याकडे दीड मिनिटाचा नमुना असेल. त्यात एक प्रमाण भाषेतलं निवेदन, एक आपल्याकडची म्हातारी, एक लहान मूल, एक कुस्ती. अण्णांची नक्कल नको. मग सुट्टी टाक आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जा. चार दिवस स्टुडिओंतून फीर, परत ये. असं दोन-तीनदा कर, मग नोकरीचं बघू. ‘आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, मग रोल देतो’ असं कुणी म्हणालं की तिथून उठ. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

सही करताना एक वाक्य शोधत जा. आपला आवाज यंत्राला शिकवायला वापरता येईल असं कागदात कुठे लिहिलंय का? एकदाचे पैसे देऊन आवाज कायमचा नेणारे करार आता होतात. 2024 मध्ये अरिजित सिंगच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला. 2025 मध्ये आशा भोसले यांच्याही आवाजाच्या कृत्रिम नकलेला त्याच न्यायालयाने मनाई केली. आशाताईंचा जन्म आपल्या सांगलीचा. त्यांना कोर्टात जाता आलं, तुला ते वाक्य खोडूनच सही करावी लागेल. रिक्षावाल्यांशीही बोल. तुझी साडीची क्लिप तीन दुकानांना तीनदा विकली जात असेल आणि तुला एकदाच पैसे मिळत असतील, तर हे दुखणं तुझ्या घरापर्यंत आलेलंच आहे.

राहिले अण्णा. पलूसच्या पोराला माहिती टाइप करून देणं थांबव. भांडू नकोस, रुसू नकोस, फक्त “आता मला वेळ नाही” म्हण. एका हंगामात कळेल कुणाला काय येतं. पण त्यांच्याशी बोलणं तोडू नकोस, कारण तुला त्यांच्याकडून एक मोठी गोष्ट घ्यायचीय. पन्नास-शंभर पैलवान, त्यांचे वस्ताद, कोणत्या फडात कोण कुणाला कसं चीत झालं, हलगीवाला कधी ठेका बदलतो, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेच लिहिलेलं नाही. गुडघा दुखतोय, मैदानं कमी होणार. घरात बसलेला निवेदक फार चिडचिडा असतो, माझ्या ओळखीत दोन आहेत.

एक दिवस पहाटे त्यांना उठव. कपाटासमोर खुर्ची ठेव, गोधडी टांग, माइक लाव आणि म्हण, “अण्णा, तुम्ही बघितलेली सगळ्यांत चटकदार कुस्ती सांगा.” ‘मंडळी’ने सुरुवात करतील. करू दे. पाच मिनिटांनी ते मैदान विसरतील आणि तुझ्याशी बोलायला लागतील. तो आवाज तूही कधी ऐकला नसशील.

आणि पंखा बंद करायला सांग. कुरकुरतील, घाम पुसतील, पण माइकसाठी आहे म्हटल्यावर उठून स्वतः बंद करतील.

— ताई